विश्लेषण : श्रोत्यांनी दवाखान्याचं बिल का भरलं? जेसन मोलिना, व्हिक चेस्नट आणि इंटरनेटवरची लोकवर्गणी

सप्टेंबर २०११. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या ‘सीक्रेटली कॅनेडियन’ या छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर एक निवेदन झळकलं. त्यात नव्या अल्बमची घोषणा नव्हती, दौऱ्याच्या तारखाही नव्हत्या. गायक-गीतकार जेसन मोलिना यांच्या घरच्यांनी ते लिहिलं होतं. दोन वर्षं हा माणूस दिसत का नाही, हे त्यातून त्यांच्या श्रोत्यांना पहिल्यांदा कळलं. शिकागो, इंडियानापोलिस, न्यू ऑर्लिन्स आणि इंग्लंड इथली रुग्णालयं आणि व्यसनमुक्ती केंद्रं मोलिना यांनी पालथी घातली होती. आता ते वेस्ट व्हर्जिनियातल्या एका शेतावर शेळ्या-कोंबड्या सांभाळत सावरत होते. आरोग्य विमा नव्हता आणि बिलं साचली होती. खाली पेपॅलचा एक दुवा होता : जमेल तेवढी मदत करा.

मदत आली. पैशांबरोबर पत्रंही आली. कोणा बड्या उद्योगपतीने चेक फाडला नव्हता. ज्यांनी कधीकाळी त्यांची सीडी विकत घेतली होती, पन्नास-शंभर माणसांच्या बारमध्ये त्यांना ऐकलं होतं, अशा लोकांनी दहा, वीस, पन्नास डॉलर पाठवले. आज मोबाइलवर अशी आवाहनं रोज दिसतात, त्यामुळे यात नवल वाटत नाही. तेव्हा मात्र ‘गोफंडमी’ हे संकेतस्थळ सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात गाणाऱ्या माणसाच्या उपचारांसाठी वर्गणी काढावी लागते, हे समजून घ्यायचं तर आधी त्या माणसाची मिळकत पाहावी लागते.

जेसन मोलिना कोण होते?

जन्म १९७३चा, ओहायो राज्यातला. एरी सरोवराच्या काठच्या कारखानदारी पट्ट्यात ते वाढले. १९९६ पासून ‘साँग्ज : ओहाया’ आणि पुढे ‘मॅग्नोलिया इलेक्ट्रिक कंपनी’ या नावांनी त्यांनी ध्वनिमुद्रिका काढल्या. २००३चा ‘मॅग्नोलिया इलेक्ट्रिक कंपनी’ हा अल्बम शिकागोत स्टीव्ह अल्बिनी यांनी ध्वनिमुद्रित केला. अमेरिकी स्वतंत्र संगीतात तो आज मैलाचा दगड मानला जातो. एमजे लेंडरमनसारखे आजचे तरुण गायक त्यांचं ऋण मानतात.

पण ‘मैलाचा दगड’ हे समीक्षकांचं मोजमाप झालं. घरभाडं त्यावर भरता येत नाही. स्वतंत्र संगीतकार म्हणजे मोठ्या कंपनीशी करार नसलेला, स्वतःच गाडी चालवत गावोगावी कार्यक्रम करणारा माणूस. मिळकत तिकिटांच्या वाट्यातून, कार्यक्रमानंतर टेबलावर विकलेल्या सीडी आणि टी-शर्टमधून. आजारी पडलं की दौरा रद्द, आणि दौरा रद्द झाला की पैसा बंद. म्हणजे बिलं सुरू होतात तेव्हाच आवक थांबते. मोलिना यांचा २००९चा दौरा प्रकृतीमुळे रद्द झाला, तिथून ही घसरण सुरू झाली.

विमा का नव्हता?

अमेरिकेत निम्म्याच्या आसपास लोकांचा आरोग्य विमा नोकरीतून येतो, मालकच हप्त्याचा मोठा हिस्सा भरतो. नोकरी नसेल तर स्वतःच्या खिशातून विमा घ्यायचा. तेव्हाचा नियम असा, की विमा कंपनी अर्जदाराचा आजारपणाचा इतिहास तपासून सरळ नकार देऊ शकत असे. मधुमेह, कर्करोग, व्यसनाचे उपचार यांतलं काहीही नकाराला पुरेसं होतं. मग गरिबांसाठीची सरकारी योजना, मेडिकेड? त्यातही अट होतीच. ज्याला मुलं नाहीत आणि ज्याचं अपंगत्व सिद्ध झालेलं नाही, असा प्रौढ माणूस कितीही गरीब असला तरी बहुतेक राज्यांत त्या योजनेत बसत नव्हता. गिटार घेऊन फिरणारा तिशी-पस्तिशीतला गायक नेमका या फटीत सापडायचा. २०१०च्या सुमारास पाच कोटींच्या आसपास अमेरिकन विम्याविना होते.

व्हिक चेस्नट यांचं प्रकरण वेगळं कसं?

चेस्नट यांच्याकडे विमा होता. म्हणूनच त्यांची गोष्ट जास्त अस्वस्थ करते.

जॉर्जिया राज्यात वाढलेले चेस्नट १९८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी मोटार अपघातात जायबंदी झाले. आयुष्यभराची चाकाची खुर्ची आली आणि हातांत थोडीच ताकद उरली. त्या हातांनी जमतील तेवढेच सोपे कॉर्ड वाजवत त्यांनी पुन्हा गाणं सुरू केलं. ‘आर.ई.एम.’ या बँडचे मायकेल स्टाइप यांनी त्यांना अथेन्स शहरातल्या एका क्लबमध्ये ऐकलं आणि त्यांचे पहिले दोन अल्बम स्वतः निर्माण केले. १९९६ मध्ये त्यांच्या गाण्यांचा एक मदत-अल्बम निघाला. त्यात मॅडोना, आर.ई.एम., स्मॅशिंग पम्पकिन्स आणि गार्बेज यांनी त्यांची गाणी गायली. त्याचं उत्पन्न गेलं आजारी संगीतकारांसाठीच्या ‘स्वीट रिलीफ’ या निधीला.

तेरा वर्षांनी त्याच चेस्नट यांच्या डोक्यावर रुग्णालयाचं कर्ज होतं. वेगवेगळ्या बातम्या-मुलाखतींत ५० हजार ते ७० हजार डॉलर असे आकडे आले. अपंगत्वामुळे त्यांना मर्यादित विमाच मिळत होता. शस्त्रक्रियांनंतरचा उरलेला बोजा त्यांच्यावर आला आणि वसुलीसाठी रुग्णालय न्यायालयात गेलं. पुढची शस्त्रक्रिया परवडत नाही म्हणून ती टाळतो आहोत, असं त्यांनी २००९च्या अखेरीस मुलाखतीत सांगितलं होतं. त्याच वर्षी त्यांचे दोन अल्बम आले होते, समीक्षकांनी वाखाणले होते, दौरा चालू होता.

२५ डिसेंबर २००९ रोजी, ४५व्या वर्षी, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांच्या अतिसेवनाने त्यांचं निधन झालं. कर्जाने त्यांचा जीव घेतला असं सरळ गणित तेव्हा अनेकांनी मांडलं. ते तितकं सरळ नाही. नैराश्याशी त्यांची झुंज जुनी होती आणि त्याबद्दल ते उघडपणे बोलत. पण कर्जाचा बोजा त्यात होता, हे त्यांनीच सांगून ठेवलं होतं. (मानसिक ताण असह्य होत असेल तर भारतात ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.)

‘थ्रोइंग म्यूझेस’ बँडच्या क्रिस्टिन हर्श यांनी चेस्नट यांच्याबरोबर अनेक दौरे केले होते. त्यांनी लगोलग त्यांच्या कुटुंबासाठी इंटरनेटवर मदतनिधी उघडला आणि श्रोत्यांचे पैसे येऊ लागले. हर्श यांना हा मार्ग नवा नव्हता. २००७ पासून त्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च श्रोत्यांच्या थेट वर्गणीतून भागवत होत्या. श्रोता आणि कलाकार यांच्यातला पैशाचा रस्ता आधीच बांधलेला होता, म्हणून संकटात तो कामी आला.

श्रोते पैसे का देतात?

दया हे एक कारण झालं. पण या व्यवहाराच्या मुळाशी एक जुनं देणंही असतं. गाणं ऐकून वर्षं लोटतात आणि मग लक्षात येतं की आपण त्याचे पैसे कधी फारसे दिलेच नाहीत.

हिशेब करून पाहा. स्पॉटिफायवर एकदा गाणं ऐकलं की हक्कधारकाला साधारण ०.००३ ते ०.००५ डॉलर मिळतात, असा या व्यवसायातला ढोबळ अंदाज आहे. म्हणजे दहा हजार डॉलरच्या बिलासाठी वीस ते तेहतीस लाख वेळा गाणं ऐकलं जायला हवं, आणि ती रक्कमही रेकॉर्ड कंपनीबरोबर वाटून घ्यायची. याउलट २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘बँडकॅम्प’वर श्रोत्याने दहा डॉलरला अल्बम घेतला तर आठ डॉलरच्या आसपास कलाकाराच्या बाजूला जातात. तेच बिल मग साडेबाराशे माणसांत भागतं. स्पॉटिफाय अमेरिकेत आलं जुलै २०११ मध्ये, मोलिना यांच्या निवेदनाच्या दोन महिने आधी. सीडीचा टेबल रिकामा होत चालला होता आणि त्याची जागा घेणारं काही अजून आलेलं नव्हतं, असा तो काळ.

म्हणून कलाकार आजारी पडल्याची बातमी आली की जाणकार श्रोते दोन गोष्टी करतात : मदतनिधीत पैसे टाकतात आणि त्याचे जुने अल्बम विकत घेतात. दुसऱ्या प्रकारात कलाकाराला हात पसरावा लागत नाही, म्हणून अनेक संगीतकारांना तो अधिक मानाचा वाटतो. मार्च २०२०मध्ये करोनाने कार्यक्रम बंद पडले, तेव्हा बँडकॅम्पने एका शुक्रवारी आपलं कमिशन सोडलं. त्या एका दिवसात श्रोत्यांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली.

आपल्याकडे तमाशाच्या फडात दौलतजादा होते. लावणी भावली की प्रेक्षक उठून थेट पैसे देतो, मध्ये कोणी नाही. इंटरनेटवरची ही वर्गणी त्याच जातकुळीतली आहे, फक्त टाळी वाजवायला वीस वर्षं उशीर झालेला असतो.

मग मोलिना वाचले का?

नाही. मे २०१२ मध्ये त्यांनी स्वतः श्रोत्यांना एक छोटं पत्र लिहिलं. वर्ष रुग्णालयांतच गेलं, पण उपचार चांगले चालले आहेत, मित्रांनी हार मानली नाही म्हणून मीही मानलेली नाही, दूरवर काही सांगीतिक कामं दिसताहेत पण पावलं छोटी टाकतो आहे, असा त्याचा आशय होता. १६ मार्च २०१३ रोजी इंडियानापोलिसमध्ये त्यांचं निधन झालं. दीर्घ मद्यपानाने अवयव निकामी झाले होते. वय ३९.

मग ते पैसे वाया गेले का? हा प्रश्न तेव्हाही दबक्या आवाजात विचारला गेला, आणि व्यसनाच्या आजारात तो हमखास विचारला जातो. कर्करोगाच्या रुग्णाबद्दल मात्र तो कोणी विचारत नाही. दारू सोडवण्याच्या उपचारात पुन्हा घसरणं हा आजाराचाच भाग असतो. एका खेपेत सुटणारे थोडे. उपचार महाग असतात, पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात, म्हणूनच तर बिल फुगतं. त्या वर्गणीने मोलिना यांना जवळपास दीड वर्षाची सवड आणि उपचार दिले. त्यापलीकडे कोणत्याही वर्गणीच्या हातात काही नव्हतं.

वर्गणी कुठे कमी पडते?

चेस्नट आणि मोलिना यांच्यामागे निदान ओळखणारे श्रोते होते. ज्याला कोणी ओळखत नाही त्याचं काय? वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ ते २०२० या काळातल्या ‘गोफंडमी’वरच्या चार लाख ३७ हजारांहून अधिक वैद्यकीय आवाहनांचा अभ्यास केला. त्यांतल्या केवळ १२ टक्के आवाहनांनी ठरवलेली रक्कम गाठली. १६ टक्क्यांना एक डॉलरही मिळाला नाही. ज्या भागांत विमा कमी आणि कर्ज जास्त, म्हणजे जिथे गरज मोठी, तिथेच पैसे कमी जमले. कारण उघड आहे : गरिबाचे ओळखीचेही गरीबच असतात. व्हायरल झालेली चार आवाहनं आपल्याला दिसतात, बाकीची हजारो दिसत नाहीत.

दुसरी अडचण जास्त विचित्र. अपंग आणि अत्यंत गरीब अमेरिकनांना मिळणाऱ्या ‘एसएसआय’ या सरकारी भत्त्यासाठी एकट्या माणसाच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता चालत नाही. ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही. श्रोत्यांनी प्रेमाने पाच हजार डॉलर थेट त्याच्या खात्यात टाकले, तर त्या महिन्यात भत्ता बंद होऊ शकतो आणि अनेक राज्यांत त्याला जोडलेलं मेडिकेडही अडचणीत येतं. मदत करणाऱ्यानेच नुकसान केलं, असं व्हायला वेळ लागत नाही.

यावर उपाय काय निघाले?

पैसे कलाकाराच्या हातात न देता त्याच्या नावाने वेगळे ठेवायचे आणि बिल परस्पर रुग्णालयाला चुकवायचं. वर उल्लेख आलेला ‘स्वीट रिलीफ’ निधी अशा पद्धतीने एकेका कलाकारासाठी स्वतंत्र खातं चालवतो. त्याचा जन्मही अशाच एका आजारपणातून झाला. गायिका व्हिक्टोरिया विल्यम्स १९९२ मध्ये नील यंग यांच्या दौऱ्यात गात असताना त्यांना मल्टिपल स्क्लेरॉसिस असल्याचं निदान झालं. विमा नव्हता. मित्रांनी १९९३ मध्ये त्यांच्याच गाण्यांचा अल्बम काढला, त्यात पर्ल जॅम आणि लू रीड होते, आणि विल्यम्स यांनी त्यातून इतर संगीतकारांसाठीही निधी उभा केला.

ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीची ‘म्युझिकेअर्स’ ही संस्था १९८९ पासून हेच काम करते आणि व्यसनमुक्तीच्या उपचारांनाही मदत देते. मोलिना यांनाही तिने हात दिला होता. त्यांच्या निधनानंतर श्रोत्यांना तिथेच देणगी देण्याचं आवाहन करण्यात आलं. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने आणखी वेगळा मार्ग काढला. ‘हाम’ ही तिथली संस्था २००५ पासून कमी उत्पन्नाच्या स्थानिक संगीतकारांना विमा आणि स्वस्त उपचार मिळवून देते, म्हणजे बिल आल्यावर धावण्याऐवजी ते येण्याआधीच. न्यू ऑर्लिन्समध्ये १९९८ पासून संगीतकारांसाठी खास दवाखाना आहे.

एक गोष्ट जाणकार मदतगट आता पहिल्याच दिवशी करतात : बिल भरण्याआधी त्यावर भांडतात. अमेरिकेतल्या ना-नफा रुग्णालयांना गरजू रुग्णांसाठी सवलतीचं लेखी धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. अर्ज केला तर बिल घटतं, कधी माफही होतं. अनेक रुग्णांना हे कोणी सांगतच नाही. थकलेली कर्जं वसुली कंपन्यांना कवडीमोलाने विकली जातात, हे हेरून दोन माजी वसुली अधिकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक संस्था काढली. आज तिचं नाव ‘अनड्यू मेडिकल डेट’. ती तीच कर्जं घाऊकात विकत घेते आणि फाडून टाकते; एका डॉलरच्या देणगीत सरासरी शंभर डॉलरचं कर्ज मिटतं असं ती सांगते. वर्गणी गोळा करून मूळ आकड्याचं बिल निमूट भरणं हा सगळ्यांत महाग मार्ग आहे.

कायदा बदलला, तरी आवाहनं का थांबली नाहीत?

ओबामा यांचा आरोग्य कायदा मार्च २०१० मध्ये झाला, चेस्नट यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी. आधीच्या आजाराचं कारण देऊन विमा नाकारण्यावर बंदी आली ती १ जानेवारी २०१४ पासून, म्हणजे मोलिना गेल्यानंतर नऊ महिन्यांनी. मेडिकेडचा विस्तार मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राज्यांच्या मर्जीवर सोडला. टेक्सासने तो केला नाही. चेस्नट यांच्या जॉर्जियाने तुटपुंजा, कामाची अट घालून केला. शिवाय विमा असला तरी सुरुवातीचे काही हजार डॉलर रुग्णानेच भरायचे असतात. दौरे करून जेमतेम भागवणाऱ्याला तेवढंच पुरतं.

तुलनेसाठी ब्रिटन पाहा. तिथेही ‘हेल्प म्युझिशियन्स’ ही संस्था १९२१ पासून आहे, पण रुग्णालयाचं बिल सहसा येत नाही. त्यामुळे वर्गणी निघाली तर ती बुडालेल्या कमाईसाठी, घरभाड्यासाठी असते. शस्त्रक्रियेसाठी नाही.

महाराष्ट्रात असं आवाहन आलं तर?

इथेही गाणारे-वाजवणारे बहुतेक जण मानधनावर जगतात, नोकरीतला विमा नसतो. दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या विठाबाई नारायणगावकर जानेवारी २००२ मध्ये गेल्या, तेव्हा रुग्णालयाचं बिल दात्यांच्या मदतीतून भागवावं लागलं. आज ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकारचं दरमहा पाच हजार रुपये मानधन आहे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. आवाहन पुढे पाठवण्याआधी, रुग्णालय या योजनेत आहे का आणि उपचार त्यात बसतात का, हे विचारणं पहिलं काम. मोठी रुग्णालयं धर्मादाय विश्वस्त संस्थांची असतील तर गरीब रुग्णांसाठी राखीव खाटांचा नियमही लागू होतो.

पैसे पाठवताना दोन बाबी पाहाव्यात. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजार रुपयांहून जास्त रक्कम व्यक्तीच्या खात्यात आली, तर ती सर्वसाधारणपणे तिचं करपात्र उत्पन्न धरली जाते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर मित्रमंडळी पटापट पैसे टाकतात, तेव्हा हे कोणाच्या ध्यानात येत नाही. नोटीस येते ती पुढच्या वर्षी, रुग्णाला. शक्य असेल तिथे रक्कम रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक घालून थेट रुग्णालयाच्या खात्यात भरावी आणि पावती घ्यावी. आणि क्यूआर कोड खरंच त्या कलाकाराच्या घरच्यांचा आहे का, हे एक फोन करून विचारावं. खऱ्या आवाहनाचा फोटो उचलून खाली दुसराच कोड चिकटवण्याचे प्रकार होतात.